शॉडी

परवा ऑफिसात साहेबांनी माझा रिपोर्ट परत केला. वर लाल पेनानं एकच शब्द: 'शॉडी'. अर्थ माहीत होता. सुमार, बेगडी, कसंतरी उरकलेलं. तरी दिवसभर तो डोक्यात घोळत राहिला आणि घरी आल्यावर मी त्याचं मूळ शोधत बसलो. (दुखऱ्या दाताकडेच जीभ जाते ना!)

गंमत म्हणजे 'शॉडी' ही मुळात शिवी नव्हतीच. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजल्या, त्यात नवी लोकर मिसळली आणि पुन्हा धागा काढला. त्या पिंजलेल्या लोकरीचं आणि तिच्या कापडाचं नाव शॉडी. गरिबाला स्वस्तात ऊब मिळाली, बॅटली-ड्यूसबरीत गिरण्या उभ्या राहिल्या. उरलेला भुगासुद्धा खत म्हणून शेतात गेला. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण त्याच पानिपतात आजही जुने कपडे पिंजून धागा काढणारे कारखाने आहेत.

मग नाव बदनाम कशानं झालं? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. सैनिकांना घाईनं गणवेश हवे होते. काही कंत्राटदारांनी हलक्या शॉडीचे गणवेश चांगल्या लोकरीचे म्हणून खपवले. पावसात भिजल्यावर ते अंगावरच फाटायला लागले. तेव्हापासून शॉडी म्हणजे दिसायला बरं, आतून फुसकं.

इथं मी वाचायचा थांबलो. कारण माझा रिपोर्ट... गेल्या वर्षीचाच होता. तारखा बदलल्या, दोन तक्ते टाकले आणि नवा म्हणून दिला. साहेबांना हा इतिहास ठाऊक असेल असं वाटत नाही, पण शब्द मात्र नेमका बसला.

आईच्या गोधडीत आजीचं लुगडं आहे, बाबांचं धोतर आहे, माझा शाळेचा शर्टही आहे. सगळं जुनंच. पण ती नवी असल्याचं सोंग करत नाही. प्रत्येक तुकडा कुणाचा ते ओळखू येतं. म्हणून तिला शॉडी म्हणायची कुणाची छाती नाही.

असो. उद्या रिपोर्ट पुन्हा लिहायला घेतोय. जुनं जे वापरीन, ते जुनं म्हणून सांगेन.