वेड्या जागेवरचा सोलकर

आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंचा ठेवणीतला शब्द होता ‘सिली’. गाळलेल्या जागा चुकल्या, सिली. बाकाखाली पेन्सिल शोधताना डोकं आपटलं, सिली. तोच शब्द संध्याकाळी रेडिओवर क्रिकेटच्या समालोचनात ऐकू यायचा, आणि तिथे मात्र त्याचा केवढा रुबाब! सिली पॉइंट, सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ. वर्गात ज्याच्यामुळे कान लाल व्हायचे, तोच मैदानावर मानाचा. आम्हा पोरांना हे कोडं काही सुटेना.

खुलासा केला चाळीतल्या एका काकांनी. नोकरी गिरणीत आणि जीव क्रिकेटमध्ये, अशातले ते. “अरे, बॅटच्या पुढ्यात तीन-चार हातांवर उभं राहायचं आणि समोरच्याने सणसणीत फटका मारायची वाट बघायची, हे शहाण्याचं काम आहे का? म्हणून सिली!” व्याख्या म्हणून याला आजही तोड नाही. नुसता पॉइंट लांब उभा असतो. तोच फलंदाजाच्या अंगावर आला की सिली होतो. पुढे कॉलेजात कळलं, की या शब्दाचा मुळातला अर्थ सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला असा होता. शतकानुशतकं घसरत तो भाबडा, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख झाला. आपल्याकडे भोळ्या माणसाचं होतं तेच.

चाळीच्या चौकात सिली पॉइंट म्हणजे नळाच्या ओट्याची कड. तिथे नेहमी सगळ्यात धाकट्याला उभं करायचे. चेंडू रबरी, त्यामुळे लागला तर मांडीवर गोल वळ उठायचा आणि तो मिरवता यायचा. धाकटा कुरकुरला की एकच मंत्र: “सोलकर कसा उभा राहतो?” लगेच स्वारी गुडघे वाकवून तयार.

गंमत म्हणजे एकनाथ सोलकरची जागा होती फॉरवर्ड शॉर्ट लेग. सगळ्यात वेडी जागा आणि तिच्याच नावात ‘सिली’ नाही! इंग्रजांच्या नामकरणात अशा खोड्या फार. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. घर जिमखान्याच्या आवारातल्या झोपडीत, आणि लहानपणी मैदानावर धावफलकाचे आकडे बदलायचं काम. त्याला ‘गरिबांचा सोबर्स’ म्हणायचे, कारण हा बाबा फलंदाजी करायचा, मध्यमगती टाकायचा, फिरकी टाकायचा. पण लोकांच्या डोळ्यांपुढे आहे तो वाकून, पंजे पसरून, चेंडूवर नजर रोखून बसलेला सोलकर. डोक्यावर हेल्मेट नाही. २७ कसोटींत ५३ झेल! बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीला जेवढं श्रेय, त्यातला एक वाटा या वाकलेल्या माणसाचा, असं माझं ठाम मत आहे. फलंदाजाला चेंडूबरोबर सोलकरचंही भय असायचं.

१९७१च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर कसोटी होती. इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला तेव्हा आमच्याकडे हरतालिकेची गडबड. एका खोलीत मखराची खळ शिजतेय, दुसरीत नारळ खवले जातायत, आणि रेडिओची खरखर साऱ्या मजल्यावर. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१त गारद. पहिल्या डावात ९० काढणारा अ‍ॅलन नॉट या वेळी एका धावेवर गेला. वेंकटचा चेंडू, सोलकरचा झेल. दुसऱ्या दिवशी, ऐन गणेश चतुर्थीला, वाडेकरच्या संघाने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडमधला भारताचा हा पहिला कसोटी विजय. तिथल्या आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर फिरवली होती. बाप्पा लंडनलाही पोचले, असं चाळीत जो तो सांगत सुटला.

नॉटच्या त्या झेलाचा फोटो मी बऱ्याच काळाने पाहिला. सोलकर पुढे झेपावून जमिनीला समांतर, हात गवताला टेकलेले, आणि चेंडू बोटांत. फोटो घरी नेऊन आजीपुढे धरला. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नसे. चष्मा वर करून तिने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, “याच्या आईला कुणीतरी सांगा रे, पोराला म्हणावं जरा मागे सरकून उभा राहा!”