टाके आणि टाकी

भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेले की दृष्टी प्रथम चैत्यगृहाच्या कमानीकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. शाळेत असताना आम्हीही तेथेच उभे राहत असू. मात्र आमचे शिक्षक आम्हांला आवर्जून कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी नेत. तेथील एका टाक्याच्या लेखात, महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ते दान दिल्याची नोंद आहे. टाक्यासाठी त्या ब्राह्मी लेखात ‘पोढी’ असा शब्द आला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वर्षावासाला येणाऱ्या भिक्खूंना पाणी मिळावे म्हणून कुणीतरी हा कातळ फोडून घेतला, आणि ते टाके आजही आपल्या जागी आहे. पाणी साठवायचे तर ते कातळात साठवावे. तेथे ते हलत नाही, कुणाच्या अंगावर येत नाही. आमच्या वाट्याला मात्र चाकांवरचे पाणी आले. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा आमच्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते या चालत्या पाण्याविषयीच आहे, असे आमच्या ध्यानात आले.

आम्ही तिघे या शाळेच्या एकाच तुकडीचे. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली आणि पवनानगरच्या परिसरातील बंगल्यांच्या पाण्याच्या टाक्या धुणे, आणि छपरांवरील सौरपट्ट्या स्वच्छ करणे, हा आमचा व्यवसाय. या कामासाठी आम्ही एक बंद व्हॅन घेतली. दोघे गाडीत बसतात, तिसरा दुचाकीवरून येतो. गाडीत पंप, नळीचे रीळ, शिडी, ब्रश आणि पाण्याची एक टाकी असते. स्वतःचे पाणी बरोबर का न्यावे लागते, असे पुष्कळ जण विचारतात. टाकी धुवायची म्हणजे ती आधी रिकामी करावी लागते. मग त्या बंगल्यात पाणी उरत नाही. शिवाय क्षारयुक्त पाणी सौरपट्टीवर वाळले की पांढरे डाग उमटतात, आणि वीज मिळावी म्हणून केलेली स्वच्छताच विजेच्या आड येते. म्हणून योग्य पाणी योग्य वेळी हाताशी असणे हे आमच्या धंद्याचे भांडवल आहे.

पाण्याविषयी आपल्या मनात नेहमी मृदुतेची कल्पना असते. ओंजळीत घेतले तर ते निसटून जाते, म्हणून ते हलके वाटते. वस्तुतः एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एक हजार लिटर म्हणजे एक टन. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. येथील वळवण, शिरवता व लोणावळा या तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरवून खोपोलीला १९१५ पासून वीज निर्माण केली जाते. पाण्याच्या वजनात केवढे बळ असते, हे ज्या मुलखाने मुंबईला दाखवून दिले, त्याच मुलखात ते बळ आपल्या मानेमागे ठेवून आम्हांला गाडी चालवायची होती.

म्हणून टाकी विकत घेण्याआधी आम्ही गाडीचे नोंदणीपुस्तक उघडले. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी हीच गाडीची खरी ताकद. आमच्या गाडीची ही वजाबाकी ६०० किलो आली. त्यातून दोन माणसांचे १३५ किलो गेले, पंप-शिडी-नळ्यांचे ११० किलो गेले, रिकाम्या टाकीचे व तिच्या लोखंडी चौकटीचे ५५ किलो गेले. उरले ३०० किलो. तेवढे सगळे पाण्याला देऊन टाकणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. आम्ही २५० लिटरची टाकी निश्चित केली. बाजारात ५०० लिटरची टाकी सहज मिळत होती, आणि ती गाडीत मावतही होती. परंतु जागेत मावणे वेगळे आणि गाडीला पेलणे वेगळे.

दुसरा प्रश्न आकाराचा होता. घराच्या गच्चीवर असते ती उभी, गोल, काळी टाकी स्लॅबवर स्थिर बसण्यासाठी केलेली असते. धावत्या गाडीचे हिसके सोसण्यासाठी नव्हे. ती उंच असल्याने वळणावर तिचा भार गाडीला बाहेरच्या बाजूस कलवतो. आम्ही आडवी, चौकोनी, बसकी टाकी घेतली. तिच्या आत दोन आडभिंती आहेत आणि त्यांना तळाशी व मध्ये भोके आहेत. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, पण एकदम उसळी घेऊ शकत नाही. झाकण रबरी कड्याने घट्ट बसते; मात्र हवा आत येण्यासाठी वेगळी नळी ठेवावी लागते, अन्यथा पंप पाणी ओढू लागताच टाकीच्या भिंती आत दबतात. टाकी गाडीच्या मधोमध, मागच्या आसाच्या किंचित पुढे, आणि शक्य तितकी खाली बसवली. आसाच्या फार मागे भार गेला, तर पुढची चाके हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग हातात राहत नाही.

टाकी बसविण्याच्या दिवशी कारखान्यातील मिस्त्रींनी आपुलकीने सांगितले, “दादा, दोर आवळून टाका. सगळे तसेच नेतात. एवढा खर्च कशाला?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, सगळे खरोखरच तसे नेतात. आमच्याजवळचे पैसेही संपत आले होते आणि चौकटीसाठी थांबायचे म्हणजे पहिले काम आणखी पुढे जाणार होते. तरीही आम्ही त्यांच्यापुढे एक साधा हिशेब मांडला. जोराचा ब्रेक लागला की भाराच्या वजनाच्या सुमारे आठ-दशांश इतका रेटा पुढे येतो. युरोपातील माल बांधण्याच्या नियमांतही पुढच्या दिशेसाठी हेच प्रमाण धरतात, आणि बाजूंना व मागे वजनाच्या निम्मे. पाणी, टाकी व चौकट मिळून ३०५ किलो. म्हणजे केवळ एका ब्रेकला सुमारे २४५ किलोंचा रेटा. हे झाले ब्रेकचे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर तोच भार क्षणभर वीसपट होतो. सहा टन! मिस्त्री काही वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच गाडीखाली शिरून चासी पाहू लागले.

त्यानंतरचे काम त्यांनी आमच्यापेक्षाही निष्ठेने केले. पत्र्यात स्क्रू पिळून लोखंडी अँगल बसविणे त्यांनी स्वतः नाकारले. कारण अशा ठिकाणी बोल्ट तुटत नाही, त्याच्याभोवतीचा पत्रा फाटतो. छिद्र पाडण्यापूर्वी गाडीखालची ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि तारा कोठून जातात ते पाहिले. जेथे चासीचे आडवे लोखंड सापडले तेथे बोल्ट त्यातून नेले. जेथे सापडले नाही तेथे खालून तळहाताएवढी जाड पट्टी दिली, म्हणजे ताण पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरतो. सैल न होणारे नट वापरले. टाकीखाली जाड रबर अंथरले, त्याने घसरण कमी होते. चौकटीने टाकीला चारही बाजूंनी आणि वरून धरले, व त्यावर दोन रॅचेट पट्टे आवळले. पट्टा लोखंडाच्या धारेवर घासला तर कापला जातो, म्हणून कोपऱ्यांना रबर लावले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टाकी आणि चालकाच्या मागची जाळी-भिंत यांत मोकळी जागा ठेवली नाही. मोकळ्या जागेत भार वेग घेतो, आणि वेग घेतलेल्या भाराला थांबविणे कोणत्याही पट्ट्याच्या आवाक्यातले नसते. गाडीच्या नोंदलेल्या रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे; म्हणून आसने, दारे, चासी यांना हात न लावता चौकट सोडवून काढता येईल अशीच ठेवली.

एवढे करूनही पाण्याचा एक स्वभाव उरतोच. भरलेली टाकी मुकाट बसते, रिकामी टाकी निरुपद्रवी असते. अर्धी टाकी मात्र गाडीबरोबर वळत नाही, ती मागाहून वळते. लोणावळ्याहून पवनानगरकडे जाताना दुधिवरे खिंडीचा उतार आणि वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको. आडभिंतींनी ही उसळी कमी होते, नाहीशी होत नाही. म्हणून आमचा नेम असा की, खिंड उतरण्यापूर्वी टाकी पूर्ण भरलेली तरी असावी, नाहीतर उरलेले पाणी रस्त्याकडेच्या झाडांना घालून मोकळे व्हावे. त्या वाटेवरील काही आंब्यांना आमच्या नेमाचा चांगलाच लाभ झाला आहे.

या नेमांची परीक्षा एका वैशाखात झाली. पवना धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वस्तीत लग्न होते. खाली धरणात पाणी दिसत होते, आणि ते पिंपरी-चिंचवडपर्यंत जाते. वस्तीवरची विहीर मात्र तळाला गेली होती. तेथील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. “पोरांनो, मांडवाला हजारभर लिटर पाणी लागंल. तुमची गाडी हाय, मोठी पिंपं ठेवा आन् एका खेपेत आणा,” असे ते म्हणाले. आमच्या टाकीत आम्ही स्वच्छ पाण्याखेरीज काही भरत नाही, त्यामुळे पाणी देण्यास अडचण नव्हती. अडचण होती ती एका खेपेची. वाट चढाची, कच्ची, एका बाजूला दरी. पिंपे बांधण्याची सोय नाही आणि गाडीची ताकद तेवढी नाही. आम्ही म्हणालो, “बाबा, पाणी हजार लिटरच आणू, पण चार खेपांनी आणू.” त्यांना ते रुचले नाही. पाण्याची निकड असलेल्या माणसाला हिशेब ऐकवणे आम्हांलाही जड गेले. त्या दिवशी बंगल्यांची दोन कामे पुढे ढकलावी लागली. पहाटेपासून दुपारपर्यंत चार खेपा झाल्या. चौथी खेप पोहोचली तेव्हा मांडवात अक्षता पडत होत्या. बाबांनी आम्हांला पंगतीत स्वतःशेजारी बसविले आणि म्हणाले, “उशिरानं का व्हईना, पर आलं समदं.”

त्या पंगतीत आम्हांला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरचा हक्क न्यायालयात मान्य होण्यास मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लढणाऱ्यांच्या आम्ही वारसांपैकी आहोत. पाणी वाहून नेणे आणि घाण धुणे ही कामे ज्यांच्यावर जन्माने लादली गेली, त्यांच्याच घरांतून आम्हीही आलो. तेच काम आज आम्ही स्वतःच्या गाडीतून, स्वतः ठरविलेल्या मोलाने करतो. फरक नुसता मोलाचा नाही. लादलेल्या कामात करणाऱ्याच्या जिवाचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. गाडीत बसणाऱ्या आमच्या दोघांचा जीव, आणि रस्त्यावरून पायी जाणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव, हिशेबात पहिल्या ओळीवर मांडणे, हे आम्हांला त्या लढ्याचेच पुढचे काम वाटते. कुणी घाई केली, कुणी हसले, तरी ही ओळ खाली सरकू द्यावयाची नाही.

शाळेत सकाळच्या वंदनेनंतर गुरुजी अप्पमाद या शब्दाचा अर्थ सांगत. धम्मपदाचा दुसरा वर्ग त्याच नावाचा आहे. सावधपण, अखंड जागरूकता असा तो अर्थ तेव्हा आम्ही वहीत लिहून घेतला होता. आता तो रोज सकाळी सहा वाजता हाताला लागतो. गाडी सुरू करण्यापूर्वी एक जण प्रत्येक नटावर पाना ठेवून पाहतो, दुसरा पट्टे ओढून पाहतो, गंज आणि कापलेले धागे शोधतो. नवी बांधणी केली असेल तर पंचवीसेक किलोमीटरनंतर थांबून सारे पुन्हा आवळतो. कारण हादऱ्यांनी सर्व काही जागेवर बसते आणि थोडे सैलही होते. लोणावळ्याच्या पावसात लोखंड लवकर गंजते, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर चौकट सोडवून रंगवतो. या कामास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कोणत्याही गिऱ्हाइकाच्या देयकात लिहिलेली नसतात. सम्मा आजीव म्हणजे निव्वळ कोणता धंदा निवडला एवढेच नसून, तो कसा केला हेही त्यात येते, असे आम्ही मानतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण अभियंते व्हाल, काही शिक्षक, आणि काही आमच्यासारखे हातात पाना घेऊन सकाळी गाडीपाशी उभे राहाल. पुढच्या सहलीला भाज्याला जाल तेव्हा त्या टाक्यांपाशी थोडे थांबा. टाक्याची कड, पाणी आत येण्यासाठी कोरलेली पन्हाळी नीट पाहा. दान देणाऱ्याचे नाव लेखात राहिले. खोदणाऱ्याचे राहिले नाही, पण त्याचे काम राहिले. आमची टाकी दोन हजार वर्षे टिकायची नाही. तिने रोज संध्याकाळी आम्हांला सुखरूप घरी आणावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे. सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन वसतिगृहाच्या टाक्या धुण्याचे आम्ही मान्य केले आहे. गाडी अंगणात उभी असेल. चौकट, बोल्ट आणि पट्टे ज्यांना पाहायचे असतील त्यांनी गाडीखाली वाकून पाहावे, सर्व दाखवू.

जय भीम.