अमृत गटारात गेलं की...

कारखान्याचं सांडपाणी म्हटलं की आपल्याला केमिकलवाले आठवतात, नाहीतर साखर कारखान्याची मळी. डेअरी? छे हो, तिथे तर दूध! पण नदीला हेच अमृत बाधतं.

नदीतले जिवाणू दुधातली साखर, प्रथिनं, स्निग्धांश फस्त करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ही भूक बीओडीत मोजतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला साधारण २००-३०० मिलिग्रॅम. निखळ दुधाचा? सुमारे १ लाख! म्हणजे एका लिटरला १०० ग्रॅम ऑक्सिजन. नदीच्या स्वच्छ पाण्यात तो असतो लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. करा भागाकार: साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन. आपल्या सोसायटीत येणाऱ्या टँकरपेक्षाही जास्त पाणी झालं हे. मासे बिचारे विषाने नाही, गुदमरून मरतात.

बरं, कुणी मुद्दाम ओततं का? नाही. पाइप, टाक्या, पाश्चरायझर रोज धुवावेच लागतात. आधी साधं पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, मग नायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. आत चिकटलेलं दूध पहिल्याच पाण्याबरोबर निघतं.

आपल्याकडचा नियम असा, की लिटरभर दुधामागे सांडपाणी ३ लिटरच्या आत आणि सोडताना बीओडी १०० च्या आत. आता १०० लिटरमधलं फक्त १ लिटर वाया गेलं, तरी ३०० लिटर पाण्याचा बीओडी होतो ३३३. आणि पाणी वाचवलं तर आकडा अजूनच चढतो, कारण दूध तेवढंच!

पुढे ईटीपी असतोच, हवा फुंकत, वीज खात. पण ते म्हणजे बग प्रॉडक्शनला गेल्यावर पकडणं. माझ्या मते ते पहिलं पाणी वेगळं धरावं, बस्स. दुधाचं पातेलं विसळून ते पाणी कणकेत घालणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

पनीरची निवळी हा तर वेगळाच ताप. १०० लिटर दुधामागे ८० लिटरच्या वर, बीओडी ३० ते ५० हजार. मोठे प्लांट निवळीची पावडर करू शकतात (जिमवाले मित्र हजारो रुपये मोजतात ते निवळीतल्याच प्रथिनासाठी). छोटा पनीरवाला ती यंत्रं कुठून आणणार? त्याला मोरी जवळची.

परवा आमच्या पनीरवाल्याला विचारलं, "काका, निवळी कुठे टाकता?"

"टाकतो कशाला? गोठेवाला कॅन भरून नेतो. म्हशी पितात."