केळी माझी, कॉफी यजमानांची

आमचे धाकटे दीर टांझानियात मोशीला असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. सिंह-हत्ती बघून मुलं खूश झाली. माझ्या मनात मात्र राहिलं ते एक एकरभराचं शेत.

जाऊबाईंकडे केळी नि दूध घेऊन एक बाई येतात. त्यांनीच घरी बोलावलं. मारांगूपर्यंत 'दालादाला'नं, म्हणजे आपल्या वडापनं गेलो. पुढे पायी चढण. किलिमांजारो 5,895 मीटर उंच खरा, पण दिवसभर ढगात. आमच्या ह्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला नाही आणि डोंगरानं तोंड दाखवलं नाही!

बाईंना सगळे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, आधी 'मामा' लावून. स्वाहिलीत मामा म्हणजे आई! माझी मुलं हसून बेजार झाली. पण 'अमक्याची आई' यापलीकडे आपल्याला तरी शेजारात कुठलं नाव उरतं?

घराभोवतीच्या बागेला चागा लोक 'किहांबा' म्हणतात. लांबून रानच वाटतं. वर उंच झाडांची सावली, त्याखाली केळी, केळींच्या आडोशाला कॉफी आणि अगदी खाली अळूचे कंद नि घेवडा. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाटानं येतं, घराघराची पाळी ठरलेली. गायी गोठ्यातच बांधलेल्या. त्यांना केळीचे चिरलेले खांब नि डोक्यावरून वाहून आणलेलं गवत. शेण परत केळींना. वाया म्हणून काही जात नाही.

बाईंनी कॉफीच्या बिया भाजल्या, उखळात कुटल्या नि उकळून आम्हाला दिल्या. जेवायला कच्च्या केळ्यांचं दाट सार, 'म्तोरी'. एरवी त्यात मांस असतं, आमच्यासाठी वेगळं केलं होतं. बाळंतिणीला हेच देतात, आपल्याकडच्या आळीव-डिंकासारखं.

"कॉफी यजमानांची, केळी माझी," बाई म्हणाल्या. रीतच तशी. कॉफीचा पैसा हंगामात येणार, तो पुरुषाच्या हातात. भाव पडला की तोही नाही. केळी बारा महिने, नि तो पैसा बाईचा. मीठ, साबण, वह्या, मुलीची फी, सगळं त्या घडांवर. मला माझा अर्धवेळ शिकवण्याचा पगार आठवला. तोही असाच, कुणाच्या हिशेबात नसतो नि सगळीकडे पुरतो.

"मग जमीन कुणाची?" मी विचारलं.

रिवाजानं घराजवळची जागा धाकट्या मुलाला. 1999 च्या कायद्यानं बायकांना जमिनीत बरोबरीचा हक्क दिला, हे बाईंना पक्कं माहीत होतं. मुलीचं नाव कागदावर लागावं म्हणून त्या दोन वर्षं घरात भांडताहेत. यजमान शेजारीच बसले होते, गप्प. मग बाईंनी उलट मलाच विचारलं, "तुझं नाव किती जमिनीवर?"

गुहागरला आमची दीड एकराची वाडी आहे. चाळीस वर्षं सासूबाईंनी तिथं शिंपणं केलं. सातबाऱ्यावर ना त्यांचं नाव, ना माझं. जाऊबाई हे त्यांना स्वाहिलीत सांगत होत्या, तेवढ्यात आमचे हे डोंगर दिसतो का बघायला अंगणात गेले.

निघताना एक घड घेतला. बाईंनी पैसे दोनदा मोजले, कमरेच्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवले. यजमानांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.