परगावची मॅच

फातोर्ड्याला मॅच असली की मला काहीच शोधावं लागत नाही. दुपार कलली की मडगावच्या रस्त्यांवर नारंगी टी-शर्ट दिसू लागतात, रोस-ऑम्लेटच्या गाड्यांवर तवे तापतात, आणि ईस्ट लोअर स्टँडमधल्या पोरांचे ढोल मॅचच्या कितीतरी आधी वाजायला लागतात. एफसी गोवा घरी असतो तेव्हा मॅच आपणहून माझ्यापर्यंत येते. पण लीगचा रिवाज असा, की घरच्या प्रत्येक मॅचमागे एक परगावची. संघ कोचीला जातो, कोलकात्याला जातो, गुवाहाटीला जातो आणि मी इथेच राहतो. मग आठवडाभर मनात एकच घोळत असतं, या वेळची मॅच बघायची कुठे?

घरच्या मॅचला कोणीही जातं. पाहुणे आलेले असतात तेही जातात. संघ दूर गेल्यावर त्याला शोधत बसणारा माणूस खरा त्या संघाचा, असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे.

आमच्या आधीच्या पिढीला परगावची मॅच बघायला मिळत नसे, ती कळत असे. १९८४ मध्ये गोव्याने कन्नूरला पंजाबला हरवून संतोष करंडक पहिल्यांदा एकट्याच्या बळावर जिंकला. आदल्या वर्षी तो बंगालबरोबर वाटून घ्यावा लागला होता. गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते आणि त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. माझे मामा ती स्पर्धा अशी रंगवून सांगत, की ते कन्नूरच्या स्टँडमध्येच बसले होते असं मला लहानपणी वाटे. ते होते फोंड्याच्या दुकानात. ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या आणि सकाळचा ‘नवप्रभा’, एवढंच त्यांच्या हाती होतं. तरी ब्रह्मानंदांनी कुठल्या बाजूला झेप घेतली ते मामा हात लांब करून दाखवत. न पाहिलेल्या मॅचवर इतकं प्रेम करता येतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

पुढे डेंपो या गोव्याच्या क्लबने पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनीही आणलं. त्या काळात मॅच कधी टीव्हीवर असे, कधी नसे. मग कोलकात्यात कोणाचा तरी चुलत भाऊ असायचा आणि त्याला फोन लागायचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि परगावची प्रत्येक मॅच घरात दिसू लागली. पण शोध काही संपला नाही, फक्त त्याची जागा बदलली. आधी स्टार, मग स्पोर्ट्स१८, मोबाइलवर हॉटस्टार, मग जिओसिनेमा, मग त्या दोघांचं मिळून एक, एशियाच्या मॅचसाठी फॅनकोड. हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात नाक्यावर भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘औंदा खंय दिसता?’ कोणाकडे केबल असते, कोणाकडे डिश, कोणाच्या मुलाने वर्षाचं रिचार्ज मारलेलं असतं. त्यावरून त्या वर्षी कोणी कोणाकडे बसायचं ते ठरतं.

परगावच्या मॅचमध्ये पहिली दहा मिनिटं ओळख पटवण्यात जातात. घरी नारंगीत दिसणारी पोरं बाहेर वेगळ्याच रंगात उतरतात. त्यात कॅमेरा लांबून, आणि पडदा तावेर्नीतल्या, म्हणजे आमच्या गावठी बारमधल्या, कोपऱ्यातला, वर टांगलेला. पाठीवरचा नंबर वाचता येत नाही. मग माणूस चालीवरून ओळखायचा. काही वर्षांपूर्वी, चेंडू मिळायच्या आधीच मान वळवून मागे बघून घ्यायचा तो ब्रँडन. डाव्या बाजूच्या रेषेला चिकटून धावत सुटायचा तो मंदार राव देसाई. शर्ट बदलला, नंबर दिसेना, तरी आपला माणूस धावण्यावरून कळतो, आणि कळला की जिवाला फार बरं वाटतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. टीव्हीतून येणारा सगळा आवाज समोरच्यांचा असतो. आपण गोल केला की स्टेडियम गप्प होतं. घरी गोल म्हणजे गर्जना. परगावी गोल म्हणजे एकाएकी पसरलेली शांतता, आणि त्या शांततेत आपण दहा-बारा जण मडगावच्या एका खोलीत ओरडत असतो. त्या क्षणी कॅमेरा कधीतरी स्टँडच्या एका कोपऱ्याकडे वळतो. तिथे एक झेंडा, पाच-पंचवीस माणसं, कोणी बंगळुरात नोकरीला असलेलं, कोणी रात्रभर गाडीत बसून गेलेलं. कॅमेरा त्यांच्यावर फार तर दोन सेकंद थांबतो. त्या दोन सेकंदांसाठी मी अख्खी मॅच बघेन.

१९ फेब्रुवारी २०२०. संघ जमशेदपूरला होता. तीन आठवड्यांपूर्वीच प्रशिक्षक लोबेरा गेले होते आणि बाजूला उभा होता आपला क्लिफर्ड मिरांडा, पूर्वी डेंपोच्या मधल्या फळीत खेळणारा. जिंकलो तर लीगमध्ये पहिले. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यासाठी शील्ड ठेवली होती, आणि तिच्याबरोबर एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळायचा मान. भारतातल्या एकाही क्लबला तोवर तो मिळाला नव्हता. आम्ही नेहमीच्या तावेर्नीत होतो. दोन टेबलांवरच्या लोकांना दुसरं काहीतरी बघायचं होतं, पण पात्रांवने, म्हणजे तावेर्नीच्या मालकाने, रिमोट खिशात घातला तो घातलाच. कोरोने पहिल्या पंधरा मिनिटांत गोल केला आणि मग कितीतरी वेळ काही घडेना. एका गोलाची आघाडी, तीही परक्या मैदानावर, म्हणजे जीव टांगणीला. कोणी उठून बाहेर जाईना, कारण बाहेर गेलं की गोल खातो अशी एकाची ठाम समजूत होती आणि त्या रात्री ती सगळ्यांनी मानली. सत्तराव्या मिनिटाला बूमूसने दुसरा मारला. नंतर शेवटच्या काही मिनिटांत एकामागून एक तीन. ५-०. कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक म्हातारा, ज्याला मी त्याआधी फुटबॉलविषयी अवाक्षर काढताना ऐकलं नव्हतं, उठला आणि पडद्याला हात लावून आला. देवळात पायरीला लावतात तसा. कोणी हसलं नाही. नंतर कळलं, तो साळगावकरच्या जुन्या दिवसांत वास्कोहून प्रत्येक मॅचला यायचा.

त्यानंतर वर्षभरात एक अजब प्रकार झाला. कोविडमुळे २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातच खेळवायचं ठरलं. अकरा संघ इथल्या हॉटेलांत बंदिस्त, मॅचेस फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, आणि आत एकही प्रेक्षक नाही. देशातला सगळा फुटबॉल आमच्या दारात होता आणि आम्ही तो टीव्हीवर बघत होतो. फातोर्ड्याला मॅच असली की गच्चीवरून फ्लडलाइटचा पांढरा उजेड दिसे. खाली खोलीत तीच मॅच पडद्यावर. घरची मॅचसुद्धा त्या वर्षी परगावची झाली. मुंबई सिटीचं ‘घर’ होतं बांबोळी, मडगावहून तासाभराच्याही आत. तिथेच ८ मार्च २०२१ ला उपांत्य फेरीची दुसरी मॅच झाली. गोल नाही, जादा वेळेतही नाही, मग पेनल्टी, आणि त्यात ६-५ ने मुंबई. इतक्या जवळ हरलो आणि एकालाही मैदानाबाहेर उभं राहून त्या पोरांची पाठ थोपटता आली नाही. त्या रात्रीची हळहळ मला अजून आहे. एप्रिलमध्ये एशियन चॅम्पियन्स लीग आली तीही फातोर्ड्यालाच, तीही रिकाम्या स्टँडपुढे. पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल केला, चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीतला भारतीय क्लबचा पहिला. तो या गावात झाला आणि या गावाने तो पडद्यावर पाहिला.

अ‍ॅपवर बघणाऱ्यांचं एक वेगळं दुखणं आहे. केबलवरचं चित्र पुढे असतं, मोबाइलवरचं मागे. माझ्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेपाशी असतो आणि समोरच्या बिल्डिंगमधून आरोळी येते. पुढचं अर्धं मिनिट मी बघतो ते ठरून गेलेल्या गोष्टीकडे. काही जण चिडतात. मला ती आरोळी आवडते. तिने कळतं की भिंतीपलीकडेही कोणीतरी हीच मॅच शोधून काढून बसलं आहे.

२०२५ मध्ये एशियाच्या दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेत संघ गेला आणि परगाव म्हणजे थेट दुशान्बे, बगदाद, रियाध झालं. रियाधला अल-नस्रने आम्हाला ४-० हरवलं. हरणार हे माहीत होतं. तरी बघितली, शेवटच्या शिटीपर्यंत. परक्या मुलखात, हजारो लोकांच्या गजरात, आपल्या वाड्यावरच्या शाळेत शिकलेली पोरं उभी असताना पडदा बंद करायचा नसतो.

राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं, असा कायदा देशात २००७ पासून आहे. आपापल्या राज्याच्या क्लबची परगावची मॅच निदान त्या राज्यात तरी विनामूल्य दिसावी, एवढी मागणी कोणी लावून धरली तर मी त्या अर्जावर पहिली सही करीन. शेतात राबणाऱ्याला, ट्रॉलरवरून परतलेल्याला, गावच्या तावेर्नीत बसणाऱ्याला दर हंगामाला नवं अ‍ॅप आणि नवी वर्गणी हा जाच होऊ नये.

आणि तुम्ही गोव्याचे असाल, मुंबईत, बंगळुरात, कोलकात्यात कामाला असाल, तर एक विनंती. संघ तुमच्या शहरात येईल तेव्हा तिकीट काढून आत जाऊन बसा, चार ओळखीचे घेऊन जा, आणि झेंडा जरा उंच धरा. कॅमेरा त्या कोपऱ्याकडे वळतो तेव्हा आम्ही इथे तुम्हालाच शोधत असतो.