आरशाची ऊब

घरातून अंगणात आणलेल्या परावर्तक दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. त्याच्या पृष्ठभागालगत उबदार हवेचा पातळ थर धरतो आणि त्यातून सुटलेले लोट नळीत चढत राहतात. हवेचा अपवर्तनांक एका अंश सेल्सिअसमागे दशलक्षात साधारण एकाने बदलतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण मीटरभर वाटेत तेवढ्यानेच प्रकाश एक मायक्रोमीटर मागेपुढे होतो, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ दोन तरंगलांबी. आरसा घासणारा हौशी पाव तरंगलांबीसाठी जिवाचे रान करतो, हे लक्षात घेतले की नुकसानीचा अंदाज येतो.

तरीही गुरूचे पट्टे पुसट दिसले की पहिला दोष आकाशाला दिला जातो. खात्री करणे सोपे आहे. तेजस्वी तारा फोकसच्या बाहेर न्यावा. प्रकाशाच्या चकतीत आळसावलेले लोट सरकताना दिसले, तर ऊब नळीतलीच. वरच्या वातावरणातली थरथर भराभर वाहत जाते. नळीच्या तोंडासमोर तळहात धरला, तर त्यावरून उठणारी हवासुद्धा चकतीत दिसते.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. नोव्हेंबर 1917 मध्ये माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीतून जॉर्ज हेल यांनी पहिल्यांदा गुरू पाहिला, तेव्हा एकावर एक चढलेल्या अनेक प्रतिमा दिसल्या. दिवसा घुमट उघडा राहून आरसा तापला होता. पहाटे अभिजित ताऱ्याकडे दुर्बीण वळवली, तोवर काच निवली होती आणि प्रतिमा नेटकी आली.

यावर महागडी काच हा उपाय सुचवला जातो. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे निवताना आरशाचा आकार कमी बिघडतो. पण तिच्यावरची हवा तितकीच गरम राहते. जाडी अधिक महत्त्वाची: ती दुप्पट झाली की निवायला निदान दुप्पट वेळ लागतो.

शिवाय काच एकदा निवली की काम संपले, असे होत नाही. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात पारा पहाटेपर्यंत उतरत राहतो आणि जाड आरसा रात्रभर त्याच्या मागे पडतो. म्हणून संगणकातला 12 व्होल्टचा पंखा आरशामागे रात्रभर चालू ठेवावा, मात्र कंपने पोहोचू नयेत म्हणून रबरावर टांगून. दुसरा पंखा नळीच्या बाजूने आरशावर आडवा वारा घालत असेल, तर उबदार थर लगेच विस्कटतो. नव्या नेत्रिकेआधी पैसे इथे घालावेत. श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्ह दुर्बिणींची नळी बंद असते, त्या लवकर बाहेर काढाव्यात; लहान भिंगाच्या दुर्बिणी फारसा त्रास देत नाहीत.

कोकणात अडचण उलटी. तिथे पारा कमी उतरतो, पण हवा दमट. उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून काच हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव धरते. तोंडाशी काळ्या फोमची लांब गुंडाळी लावली की काचेला दिसणारे आकाश कमी होते. तेवढ्याने न भागल्यास बारीक आचेची हीटर पट्टी लावावी, ती दव धरण्याआधी. आच वाढवली तर तेच लोट पुन्हा सुरू होतात. ओला आरसा फडक्याने पुसू नये, मुलामा ओरखडतो. पहाटे थंड दुर्बीण घरात नेताना झाकणे बाहेरच लावून घ्यावीत आणि नळी खोलीइतकी उबदार झाल्यावरच काढावीत.