पत्रा बाजारात मिळतो

वादळांना नावं ठेवण्याची आपल्याला जुनीच हौस. हल्ली मात्र हे काम रीतसर सरकारी पातळीवर चालतं. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं ठेवलं, 'तौक्ते' म्यानमारनं. तौक्ते म्हणजे त्यांच्या भाषेत पाल.

निसर्ग ३ जून २०२० ला भर दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमचं घर त्याच वाटेवर. वर कौलं, पडवीला पत्रे, अंगणात फणस, मागे नारळी-पोफळीची वाडी. थोडक्यात, वाऱ्याला खेळायला जे जे लागतं ते सगळं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हौसेनं जमवलेलं!

आमच्या काकांचा भरवसा बंदरावरच्या बावट्यावर. बावट्याचे नंबर एक ते अकरा. तीनपर्यंत काका पडवीतल्या खुर्चीत बसून चहा पितात. दहा म्हणजे महासंकट. आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला! "म्हणजे तिथून पुढे आपला आपण अंदाज बांधायचा," असा काकांचा अर्थ.

काकूचा विश्वास कामावर. "जे उडेल ते आत घ्या, जे पडेल त्याच्यापासून लांब राहा," एवढंच तिचं हवामानशास्त्र. कुंड्या, घमेली, खराटा, दांडीवरचे कपडे आणि काकांची खुर्ची, सगळं आदल्या दिवशीच आत गेलं. हंडे भरले, बॅटरी काढली, औषधं आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं. सकाळी मेन स्विच बंद करून तिनं आमची वरात शेजारच्या वहिनींच्या स्लॅबच्या घरात नेली. खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत आम्ही अकरा जण. दिवस करोनाचे. वादळासाठी जवळ जवळ बसायचं आणि करोनासाठी लांब लांब! शेवटी तोंडाला मास्क बांधून पत्त्यांचा डाव मांडला.

वाऱ्याचं गणित मोठं वाईट. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दुपारी तो जोर आला आणि आमच्या पडवीचा पत्रा खणखणत गेला. काका ताडकन उठले. "पत्रा गेला! आणतो."

"अहो, बसा खाली. पत्रा बाजारात मिळतो," काकू म्हणाली. काय मिळत नाही, ते काकांना न सांगता कळलं.

मग वारा पडल्यासारखा वाटला. काका पुन्हा उठले. पण वादळाला मधोमध डोळा असतो. तो डोक्यावर आला की सगळं शांत होतं आणि मग उलट्या दिशेनं तेवढाच वारा येतो. हा डोळा, की वाऱ्यानं नुसता दम खाल्ला, हे बघायला काकूनं कुणालाही उंबरा ओलांडू दिला नाही.

संध्याकाळी तुटलेल्या तारांपासून लांब राहत घरी आलो. निम्मी वाडी झोपली होती. नवा नारळ लावला तर फळायला सहा-सात वर्षं! आणि पडवीत, काकांची खुर्ची असते नेमक्या त्याच जागेवर, फणस आडवा झालेला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. काकूनं चूल पेटवून चहा टाकला.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, तेव्हा बावटा लागण्याआधीच काकांनी खुर्ची स्वतः उचलून आत ठेवली.

"वाऱ्याला घाबरून नव्हे हं," ते म्हणाले, "मला पालीची किळस आहे."